लिफ्ट रूमची किल्ली कुणाकडे आहे? (आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र)

प्रति,
माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, सगळे कमिटी मेंबर आणि ए-बी दोन्ही विंगमधले समस्त रहिवासी (भाडेकरूंसकट, कारण त्या चार दिवसांत नेमके तेच कामाला आले)

स. न. वि. वि.

चार दिवस गच्चीवरच्या पत्र्यावर अडकलेली मांजर सोमवारी पहाटे खाली आली हे आता सगळ्यांना माहितीये. ग्रुपवर फोटो पडले, हात जोडलेले पडले, बदाम पडले आणि दुपारपर्यंत विषय पाणीकपातीवर गेलासुद्धा. मीही गप्प बसले असते. पण काल लिफ्टमध्ये नोटीस लागलीये, "सोसायटीच्या आवारात मांजरांना खाऊ घालताना आढळल्यास रु. ५०० दंड", खाली शिक्का आणि सही. चार दिवसांच्या त्या सगळ्या तमाशातून कमिटीने एवढाच बोध घेतला असेल तर मग मला बोलावंच लागेल, आणि मी लांबण लावणार आहे, आधीच सांगते.

तर आधी मांजरीबद्दल. पांढऱ्यावर काळे-भुरे ठिपके, शेपटीला एक गाठ. ए विंगमध्ये तिला मनी म्हणतात, तळमजल्यावरच्या काकू राणी म्हणतात, वॉचमनभाऊ नुसतं "ए मांजर" म्हणतात आणि ती तिन्ही नावांना ओ देते कारण तिन्हीकडे खायला मिळतं. म्हणजे ती कुणाचीच नाही आणि सगळ्यांची आहे, डोंबिवलीतल्या अर्ध्या सोसायट्यांमध्ये अशी एक तरी असेल. गेली चार वर्षं पंप रूमच्या मागे एक उंदीर दिसलेला नाही, हे तिचं काम मेंटेनन्समध्ये कुठे लिहिलेलं नाही ती गोष्ट वेगळी.

ती वर कशी गेली यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली, कुणी म्हणालं गच्चीतून, कुणी म्हणालं कावळ्यांनी हाकललं. अहो, परांची होती ना! दोन महिने बिल्डिंगला बांबू बांधलेले होते रंगकामाला, तळापासून पत्र्यापर्यंत, मांजराला याच्यापेक्षा सोपा जिना कुठला? रोज दुपारी ती बी विंगच्या मागच्या बाजूने बांबूवरून वर जायची, पत्र्याच्या शेडवर कबुतरांच्या मागे लागायची आणि संध्याकाळी आली तशी उतरायची, मी स्वतः किचनच्या खिडकीतून बघितलंय. गुरुवारी कॉन्ट्रॅक्टरची माणसं आली, बिल पास करून घ्यायची घाई असावी, संध्याकाळी पाचपर्यंत मागची सगळी परांची उतरवून बांबू टेम्पोत भरून गेली. मांजर वरच राहिली. वरती कोण आहे, काय आहे, एकदा तरी बघावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

पहिल्या रात्री मला वाटलं लहान मूल रडतंय. मी चौथ्या मजल्यावर, माझ्या वर गच्ची आणि त्याच्या वर तो आपला निळा पत्रा. (पत्रा टाकल्यापासून गळती थांबली हे मान्य, पण वाळवणं घालायची पण थांबली, मागच्या दोन मे महिन्यांत मी विकतच्या कुरडया खातेय, असो, तो विषय एजीएममध्ये.) शुक्रवारी सकाळी दूधवाल्याने वर बोट दाखवलं तेव्हा कळलं.

ज्यांनी नीट बघितलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते की अडचण काय होती. पत्रा गच्चीच्या कठड्याच्या बाहेर दोनेक फूट आलेला आहे, म्हणजे गच्चीत उभं राहून वर हात जात नाही, आणि मांजर कडेला आली तरी खाली सरळ पाच मजले. दुसऱ्या टोकाला लिफ्टचं मशीन असतं त्या लिफ्ट रूमची भिंत, नवीन प्लास्टर, नवीन रंग, एकदम गुळगुळीत, नखं लागायची सोय नाही. मांजराच्या नख्यांचा बाक मागे वळलेला असतो, त्यामुळे वर चढताना त्या छान रुततात पण डोकं खाली करून उतरायला लागली की पकडच मिळत नाही, म्हणून मांजर झाडावर सरसर जाते आणि मग वर बसून रडते. बांबूवरून ती पाठीमागून घसरत, सुतळीच्या गाठींना धरून यायची. पत्र्याला कसली गाठ?

आणि मे महिना. ऊन ३७-३८ आणि वर आपली ती चिकचिक. दुपारी मी शिडीवर चढून पत्र्याच्या कडेला बोट लावलं तर चटका बसला. मांजरीला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना, आणि तेच तळपाय त्या पत्र्यावर. दुपारभर ती लिफ्ट रूमच्या सावलीच्या एका पट्टीत अंग चोरून बसायची, सावली सरकली की ती सरकायची.

आता ग्रुपवर काय चाललं होतं ते आठवा जरा. एकांनी लिहिलं "मांजर कितीही उंचावरून पडली तरी पायावरच पडते, उगाच टेन्शन घेऊ नका" आणि पुरावा म्हणून न्यूयॉर्कचं ते प्रसिद्ध संशोधन फॉरवर्ड केलं, उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरी, त्यातल्या ९० टक्के जगल्या. बरोबर आहे, १९८७ चा अभ्यास आहे, खोटा नाहीये. पण काका, त्या १३२ म्हणजे दवाखान्यात आणलेल्या मांजरी होत्या. ज्या फुटपाथवरच मेल्या त्यांना डॉक्टरकडे कोण नेतंय? आणि ज्या आणल्या त्यांतल्या एक तृतीयांशाहून जास्त मांजरींना ताबडतोब जीव वाचवण्याचे उपचार करावे लागले होते. मांजर हवेत वळते हे खरं, तिचा पाठीचा कणा लवचिक असतो. म्हणून खाली फरशी मऊ होत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मग सगळे जमले आणि जमले ते एवढे जमले की विचारू नका. खाली चार बायका डबल बेडची चादर चारी कोपऱ्यांना धरून उभ्या, मी पण त्यात, "ये मनी ये, ये राणी ये", जणू ती आमच्यावर विश्वास ठेवून उडी मारणार होती. कोपऱ्यावरच्या गोविंदा पथकाची मुलं आली, म्हणे गच्चीत तीन थर लावतो, पत्र्याच्या कडेपर्यंत वरचा पोरगा पोचतो. त्यांना हाकललं कारण कठड्याच्या बाहेर थर कोसळला तर मांजर राहील वर आणि पोरं जातील खाली. समोरच्या बिल्डिंगमधून टॉर्च मारत होते, मोबाईलवर शूटिंग, कुणीतरी मांजरीचा आवाज काढत होतं (कुत्र्यासारखा येत होता). आणि जेवढा गलका जास्त तेवढी ती मागे मागे, पार त्या टोकाला जाऊन पाण्याच्या टाकीच्या पाईपमागे चिकटून बसलेली. आम्ही सगळे तिला वाचवायला आलेलो आणि तिला वाटत असणार हे चाळीस जण मिळून मला मारायला आलेत.

त्यात सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे बी विंगचा एक कॉलेजचा मुलगा, नाव नाही लिहित, शिडी लावून बाजूने पत्र्यावर चढला. चढला आणि चालायला लागला. सुदैवाने रंगकामवाल्यांपैकी एक जण उरलेलं सामान न्यायला आलेला होता, तो खालून असा ओरडला की सगळे गप्प. मग त्याने सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहितेय कारण उद्या परत कुणीतरी चढणार. पत्र्यावर पाय द्यायचा तर फक्त नटबोल्टच्या रेषेवर, कारण त्याच्याच खाली लोखंडी पाईप असतो, दोन रेषांच्या मध्ये पाय दिला की पत्रा वाकतो. आणि उजेडासाठी मध्ये मध्ये जे पांढरे ट्रान्सपरंट पत्रे टाकलेत त्यांच्यावर तर अजिबात नाही, ते उन्हाने कडक झालेले असतात, माणूस आरपार जातो. तो मुलगा त्या पांढऱ्या पत्र्यापासून दोन पावलांवर होता. त्याच्या आईला मी हे अजून सांगितलेलं नाही, आता वाचूनच कळेल, सॉरी वहिनी.

मग कुणीतरी पत्रा थंड करायला पाईपने पाणी मारलं, त्याने ती आणखी बिथरली, पण पत्र्याच्या पन्हाळीत थोडं पाणी साचलं आणि रात्री ती ते प्यायली असणार, त्यामुळे त्या काकांना मी शिव्या पण देऊ शकत नाही. खायला म्हणून ए विंगच्या गच्चीतून पोळीचे तुकडे फेकले गेले, ब्रेड फेकला गेला, एका उत्साही माणसाने दुधाची पिशवी फेकली ती फुटून पत्र्यावर पसरली, शनिवारी त्याचा वास काय सुटला होता! सुके बोंबील भाजून ठेवू म्हटल्यावर मात्र शाकाहारी-मांसाहारी वाद पेटला, गच्चीत बोंबील आणायचे की नाही यावर तासभर मेसेज. मांजर दोन दिवसांची उपाशी आणि इथे ठराव चाललाय. मांजर नुसती भुकेने मरत नाही पटकन, पण दोनतीन दिवस पोटात काही गेलं नाही की तिच्या लिव्हरवर चरबी चढायला लागते आणि मग खायला समोर ठेवलं तरी ती खात नाही, हे मला प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. म्हणून मला घाई होती, वेड लागलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी १०१ लावला. लोक हसले, "मांजरीसाठी बंब बोलावतेय". आले हो ते. चार जवान, कसलीही कुरकुर नाही, उलट म्हणाले मांज्यात अडकलेले पक्षी, विहिरीत पडलेली कुत्री, सगळं आम्हीच काढतो ताई. पण गाडी कुठे थांबली? मेन रोडच्या कोपऱ्यावर, कारण आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना आपल्याच गाड्या. बारा चारचाकी मी मोजल्या, त्यातल्या सात आपल्या सोसायटीच्या, एक माझ्या दिराची. ते जवान शिडी खांद्यावर घेऊन उन्हात चालत आले. त्यांच्यातले एक वयस्कर होते, त्यांनी वर जाऊन पाच मिनिटं नुसतं बघितलं, कुणाशी बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "ती लिफ्ट रूमची खिडकी पत्र्याच्या बाजूलाच आहे की. आतून उघडा, फळी लावा, येईल ती आपोआप."

दोन दिवस चाळीस लोक वर बघत होते. एकाला ती खिडकी दिसली नाही. लुव्हर्सची खिडकी, काचेच्या पट्ट्या बंद, बाहेरून आडवे गज, पत्र्यापासून जेमतेम चार-पाच फुटांवर.

"किल्ली आणा", ते म्हणाले. आणि इथून पुढचं सगळं, माननीय कमिटी, तुमच्यासाठी आहे.

वॉचमनकडे किल्ली नाही. सेक्रेटरी साहेब गावी, किल्ली त्यांच्या जुडग्यात, जुडगा त्यांच्याबरोबर कोकणात, फोन आउट ऑफ कव्हरेज. अध्यक्ष म्हणाले माझ्याकडे कधीच नव्हती. लिफ्टचं मेंटेनन्स बघणाऱ्या कंपनीला फोन केला तर सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले. जवानांनी विचारलं, "कुलूप तोडू का?" तर उपस्थित कमिटी मेंबर म्हणाले, सेक्रेटरींच्या परवानगीशिवाय नको, ठराव लागेल. त्या वयस्कर जवानांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी जन्मात विसरणार नाही. तेवढ्यात त्यांना दुसरा कॉल आला, आगीचा, ते गेले. जाताना म्हणाले किल्ली मिळाली की फोन करा.

किल्ली रविवारी दुपारी मिळाली. कुठे? खजिनदारांच्या घरी चपलांच्या कपाटात, रबरबँड लावलेल्या पाच किल्ल्यांच्या गठ्ठ्यात, कशावरच चिठ्ठी नाही. त्यांना वाटत होतं ती जुन्या पंप रूमची आहे. शुक्रवारपासून ते आमच्याबरोबर खाली उभे राहून वर बघत होते बिचारे.

रविवारी संध्याकाळी मग आम्ही तिघं, मी, बी विंगमधला भाड्याने राहणारा मुलगा आणि वॉचमनभाऊ. लिफ्ट खाली आणून दार उघडं ठेवलं, मेन स्विच बंद केला, कारण मांजर आत मशीनवर आली तर मशीन चालू नको. काचेच्या तीन पट्ट्या काढल्या. कॉन्ट्रॅक्टरची एक फळी गच्चीत विसरलेली होती, तिला गोणपाट गुंडाळून सुतळीने करकचून बांधलं म्हणजे नखं रुततील, आणि गजांच्या मधून ती तिरकी पत्र्यावर टेकवली. बोंबील माझ्या गॅसवर भाजले, खिडक्या बंद करून, तरी वास गेलाच असेल, गेला. आणि मग सगळ्यात अवघड काम, सगळ्यांना घरी पाठवलं. टॉर्च नाही, हाका नाहीत, कुणी गच्चीत येणार नाही. आम्ही दोघं खालच्या जिन्यात पायऱ्यांवर बसलो, वॉचमनभाऊ खाली गेटवर.

अकरा वाजले, बारा वाजले, काही नाही. लिफ्ट बंद म्हणून त्या रात्री दोन जणांनी फोन करून मला झापलं. साडेचारच्या सुमाराला फळी वाजली. एकदा वाजली आणि थांबली. बऱ्याच वेळाने परत. मग आतून बोंबील चावल्याचा कुडुम कुडुम आवाज, मी त्या मुलाचा हात एवढा जोरात धरलेला की त्याला वळ उठला. खाऊन झाल्यावर ती दारातून बाहेर आली, आमच्याकडे एकदा बघितलं, ओळख वगैरे काही नाही, आणि पाच मजले जिन्याने धडाधड खाली. तळपाय भाजलेत, मलम लावतोय, बाकी ठीक आहे.

आता माझं म्हणणं. मांजरीचं सोडा क्षणभर. लिफ्ट मध्येच अडकली आणि आत माणूस असला तर काय करतात माहितीये ना? लिफ्ट रूममध्ये जाऊन, मेन बंद करून, ब्रेक सोडवून, मशीनचं चाक हाताने फिरवून लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणतात. जाणकार माणसानेच करायचं, मान्य, पण त्या माणसाला आधी दार तर उघडायला हवं! गुरुवार ते रविवार, भर मे महिन्यात, लोड शेडिंग असो नसो लाईट जात-येत असताना, त्या दाराची किल्ली सोसायटीत कुणाकडे आहे हे कुणालाही माहिती नव्हतं. आपल्याकडे सत्तरीच्या पुढचे किती जण लिफ्टने जातात ते मोजा. लिफ्टच्या बाबतीत महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे, तपासणीचा कागद फ्रेम करून लिफ्टमध्ये लावलेला असतो, त्याच्याच शेजारी आता मांजरीची नोटीस आहे. मी लिफ्ट रूम उघडी ठेवा म्हणत नाहीये, ती बंदच पाहिजे, पोरं जातील आत. पण एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, काचेच्या डबीत, वर ठळक नाव लिहून, आणि कंपनीच्या माणसाचा चोवीस तास लागणारा नंबर. याला ठराव लागत असेल तर करा ठराव, मी सूचक म्हणून सही करते.

तसंच गल्लीचं. शनिवारी मांजर होती म्हणून जवान चालत आले. कुणाच्या घरात सिलेंडर पेटला असता तर पाण्याचा बंब पण तिथेच कोपऱ्यावर उभा राहिला असता. निदान आपल्या सात गाड्या आत घ्या, जागा आहे, फक्त तिथे तुटकी कपाटं आणि एका सभासदांचा सोफा ठेवलाय दोन वर्षं. दिराशी मी बोललेय.

आणि परांची किंवा शिडी काढायच्या आधी एक माणूस वर जाऊन बघेल, एवढं कॉन्ट्रॅक्टरच्या पुढच्या बिलात अट म्हणून घाला. पाच मिनिटांचं काम आहे.

राहिला तो ५०० रुपये दंड. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आवारातल्या अशा जनावरांच्या खाण्याची व्यवस्था करायची जबाबदारी रहिवासी संघटनेवर, म्हणजे तुमच्यावरच टाकलेली आहे. दंडाचं कलम कुठून काढलंत ते नोटिशीत लिहा, नाहीतर नोटीस काढा. जिन्यात घाण होते ही तक्रार मात्र खरी आहे, मला पण मान्य आहे, तर पंप रूमच्या मागची जागा ठरवून द्या, आम्ही चौघीजणी तिथेच घालू आणि ताट उचलू. नसबंदीचा खर्च आम्ही वर्गणीतून करतोय, वही तळमजल्यावरच्या काकूंकडे आहे, कमिटीची वर्गणी पण चालेल.

कळावे, लोभ आहेच, तो असावा.

आपली,
चौथ्या मजल्यावरची, बोंबीलवाली

ता. क. काचेच्या तीन पट्ट्या माझ्या घरी आहेत, पेपरमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवल्यात. जूनच्या आत बसवून घ्या नाहीतर पावसाचं पाणी थेट मशीनवर जाईल. मी स्वतः बसवल्या असत्या, पण किल्ली परत सेक्रेटरी साहेबांच्या जुडग्यात गेलीये.